गाडीतले सॉकेट : बिघाड कसा शोधला, वायरिंग कसे बदलले



या अंकातील अभ्यासपाठ जरा वेगळ्या विषयावर आहे. आपल्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीतील एक सॉकेट डिसेंबरमध्ये ऐन वेळी बंद पडले. ते का बंद पडले, दोष कसा सापडला आणि नवे वायरिंग कसे केले, हे मी इथे क्रमाने लिहीत आहे. चूक माझीच होती, म्हणून पाठही मीच लिहावा असे ठरले. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना तो थेट उपयोगी पडेल. इतरांना घरातल्या आणि मंडळीच्या सभागृहातल्या बोर्डाकडे नव्या नजरेने पाहता येईल.

गाडी आणि गाव

आपली गाडी जासईला उभी असते. दि. बा. पाटलांचे गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे जासई सर्वांना माहीत आहे. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि तेव्हापासून गावाजवळच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग कधी संपत नाही. धूळ भरपूर, खाडी जवळ, हवा खारट. पावसाळ्याचे चार महिने दमट हवा गाडीच्या पत्र्याच्या सांध्यासांध्यात शिरते. या खारट हवेचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

गाडी इथून चिरनेरच्या बाजूच्या डोंगरपायथ्याच्या कातकरी वाड्यांवर जाते. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम-जनमन योजनेतही अशा गटांसाठी फिरती वैद्यकीय पथके हा एक भाग आहे. दवाखाना दूर आणि मजुरी बुडवून जाणे परवडत नाही, म्हणून दवाखान्यानेच वाडीवर जायचे, एवढी साधी ही कल्पना आहे.

गाडीच्या मागच्या भागात इंजिनच्या बॅटरीपेक्षा वेगळी अशी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची दुसरी बॅटरी आहे. तिच्यावर दिवे, पंखा आणि भिंतीवरचे एक गोल सॉकेट चालते. हे सॉकेट म्हणजे मोटारीत सिगारेट लायटरसाठी असते, तेच. त्यात मी एक छोटा इन्व्हर्टर खोचून ठेवला होता. बॅटरीच्या १२ व्होल्टचे तो २३० व्होल्ट करतो आणि त्यावर नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारे यंत्र, चालते.

त्या दिवशी काय झाले

डिसेंबरच्या पहिल्या थंडीत वाडीवर पोचलो, तेव्हा एक आजी ओट्यावर पुढे वाकून बसली होती. जन्मभर चुलीचा धूर आणि वीटभट्टीची धूळ घेतलेली छाती; दमा उसळला होता. सिस्टरने तपासले, डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध भरले आणि यंत्र सुरू केले. दोन मिनिटे झाली नसतील, तोच इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला आणि बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मी धावत जाऊन इंजिन सुरू केले. या वेळी यंत्र चार मिनिटे चालले आणि परत थांबले.

सिस्टरने आजीला बसत्या स्थितीत धरून ठेवले आणि आम्ही गाडी पनवेलच्या दिशेने वळवली. ट्रेलरांच्या रांगेमागे गाडी अडली की आजीच्या श्वासाची घरघर मला पुढच्या सीटवर ऐकू येत होती. रुग्णालयात वेळेवर पोचलो. तीन दिवसांनी आजी घरी आली. परंतु त्या रस्त्यावर मी मनात एकच हिशेब करत होतो : दोन वर्षांपूर्वी ते सॉकेट कोणी जोडले? मीच.

पहिली पायरी : विचारा, पाहा, वास घ्या

त्याच वाडीतला एक मुलगा आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून सध्या जासईजवळ ट्रेलरांच्या गॅरेजमध्ये काम करतो. रविवारी संध्याकाळी मी त्याला बोलावले. मी पाना-पक्कड घेऊन तयारच होतो. तो म्हणाला, “काका, आधी उघडू नका. आधी सांगा, काय चालतंय आणि काय चालत नाही?”

दिवे चालतात. पंखा चालतो. त्या सॉकेटवर मोबाइलही चार्ज होतो. फक्त नेब्युलायझर चालत नाही. एवढ्या उत्तरातच अर्धा दोष पकडला गेला. वीज येत होती, पण पुरेशी येत नव्हती. सॉकेट मेले असते तर मोबाइलही चार्ज झाला नसता.

मग त्याने सॉकेटला नाक लावले. जळक्या प्लास्टिकचा बारीक वास होता. आतली कडा तपकिरी पडली होती. मी ते डाग रोज पाहत होतो आणि धूळ समजत होतो.

दुसरी पायरी : भार टाकून मोजा

माझ्याकडे मल्टिमीटर आहे. डिसेंबरच्या त्या फेरीनंतर मी मोजमाप केले होते : बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सॉकेटवर १२.५. शिशाच्या बॅटरीला विश्रांतीत १२.६ म्हणजे ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. त्यावरून मी ठरवले होते की गाडीचे सर्व ठीक आहे आणि इन्व्हर्टरच खराब आहे. नवा इन्व्हर्टर विकत आणण्याच्याच बेतात होतो.

मुलगा म्हणाला, “भार टाकल्याशिवाय मीटर खरं बोलत नाही, काका.”

त्याने हेडलाइटचा १२ व्होल्ट, ६० वॅटचा जुना बल्ब दोन वायरींनी सॉकेटला जोडला. बल्ब पेटला की त्यातून सुमारे ५ अँपिअर प्रवाह जातो. आता मीटर लावला : बॅटरीवर १२.४ आणि सॉकेटवर ११.०. बल्ब नसताना ०.१ चा असलेला फरक, बल्ब लावल्यावर १.४ व्होल्ट झाला.

असे का होते? एखादा पाण्याचा पाइप आत कचऱ्याने तुंबला असेल आणि टोकाचा नळ बंद असेल, तर नळापाशी दाब पुरेपूर दिसतो. नळ सोडला की धार बारीक होते. विजेचेही तसेच आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून खराब जोडसुद्धा त्याला चांगला वाटतो. प्रवाह वाहू लागला की जोडाचा खरा स्वभाव कळतो.

तिसरी पायरी : दोष कोणत्या बाजूला?

बल्ब पेटताच ठेवून त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सॉकेटच्या मधल्या टोकावर धरली. मीटरने १.० व्होल्ट दाखवले. म्हणजे पॉझिटिव्ह वायरीतच १ व्होल्ट हरवत होता. निगेटिव्ह बाजूला तसेच मोजले : ०.४. दोन्ही मिळून १.४, हिशेब जुळला.

आता कागदावरचे गणित. वायर १ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानात जिला एक एमएमची म्हणतात ती होती. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत ५ मीटर. अशा तांब्याच्या ५ मीटर वायरीचा रोध साधारण ०.०९ ओहम असतो. ५ अँपिअरला त्यात ०.४४ व्होल्ट खर्च होणारच. निगेटिव्ह बाजूचे ०.४ म्हणूनच बरोबर होते. ती वायर बारीक होती, पण धड होती. पॉझिटिव्ह बाजूला मात्र अर्ध्या व्होल्टहून जास्त भलतीकडे जात होते.

मग पॅनेल उघडले. चाकावरच्या पत्र्यामागे, ओल साठते नेमक्या त्याच जागी, दोन वायरी पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळलेल्या होत्या. टेप सुटली होती. आतले तांबे हिरवे पडले होते आणि बोट लावताच काही तारा तुटून हातात आल्या. तो पीळ माझ्या हातचा होता. वायर कमी पडली म्हणून मी तुकडा जोडला होता आणि नंतर पक्का करू म्हणून विसरलो होतो.

रोग एक नव्हता, दोन होते

मला वाटले, जोड बदलला की काम झाले. मुलाने पुन्हा कागद पुढे केला.

नेब्युलायझरला इन्व्हर्टरमधून जेवढी वीज लागते, तेवढ्यासाठी बॅटरीतून १२ ते १३ अँपिअर प्रवाह निघतो. दोन्ही वायरींचा मिळून रोध ०.१७५ ओहम. गुणाकार केला तर जवळजवळ २.३ व्होल्ट वायरीतच संपतात. १२.४ मधून ते गेले की इन्व्हर्टरपाशी १०.१ उरतात. बहुतेक छोटे इन्व्हर्टर बॅटरी वाचवण्यासाठी १०.५ च्या आसपास स्वतःच बंद होतात. म्हणजे जोड नवा केला असता तरी इंजिन बंद असताना यंत्र चाललेच नसते! त्यातही व्होल्ट कमी झाले की तेवढेच काम करायला इन्व्हर्टर अधिक प्रवाह ओढतो, म्हणून व्होल्ट आणखी पडतात.

मग दोन वर्षे ते कसे चालले? आम्ही नेहमी इंजिन चालू ठेवत होतो. इंजिन चालू असले की अल्टरनेटर १४ व्होल्टपर्यंत देतो, आणि त्या वरच्या दीड व्होल्टने माझी चूक झाकून ठेवली होती. जोड पुरता सडला, तेव्हा ते पांघरूणही पुरले नाही.

घरात हा प्रश्न का येत नाही? तेच यंत्र घरात २३० व्होल्टवर अर्ध्या-पाऊण अँपिअरमध्ये चालते. तीच बारीक वायर तिथे पुरते. १२ व्होल्टवर तेच काम करायला सुमारे वीस पट प्रवाह लागतो. घरच्या वायरीचा अंदाज गाडीला लावू नये, हे मी इथे शिकलो.

आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते. या सॉकेटचा १० अँपिअरचा फ्यूज सुरुवातीला वरचेवर उडत होता. मी कंटाळून २० चा घातला. फ्यूज यंत्रासाठी नसून वायरीसाठी असतो. वायर आग लागण्याइतकी तापण्याआधी त्याने उडायचे असते. मी पहारेकऱ्यालाच झोपवले. त्या सडलेल्या जोडात यंत्र चालू असताना जवळजवळ १९ वॅट उष्णता होत होती, म्हणजे डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नएवढी. तीही टेपखाली, प्लास्टिकच्या पॅनेलमागे, आणि गाडीत माणसे बसलेली.

नवे वायरिंग कसे केले

१. अंगठी व घड्याळ काढून ठेवले. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडली. शेवटी जोडतानाही निगेटिव्ह सर्वांत शेवटी. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला लागला, तर निगेटिव्ह सुटलेली असल्यामुळे ठिणगी पडत नाही.

२. इन्व्हर्टर गोल सॉकेटातून कायमचा काढला. ते सॉकेट एवढ्या मोठ्या प्रवाहासाठी नसते. आतली स्प्रिंग तापून सैल होते. इन्व्हर्टर आता लाकडी फळीवर स्क्रूने बसवला आहे आणि त्याला थेट बोल्टची जोडणी आहे. त्याच्या भोवती हवा खेळायला वीतभर जागा ठेवली.

३. लाल आणि काळी, दोन्ही वायरी अखंड घेतल्या : सहा एमएमच्या, अनेक बारीक तारांच्या, तांब्याच्या. मधे एकही जोड नाही. आता १३ अँपिअरलाही दोन्ही वायरींत मिळून ०.४ व्होल्टहून कमी जातात.

४. पॉझिटिव्ह वायरीवर २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवला. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते, म्हणून ती जितकी आखूड तितकी चांगली. २० चा फ्यूज इथे योग्य आहे, कारण वायर जाड आहे. त्याच आकड्याने बारीक वायरीला धोका होता.

५. टोकांना पीळ न देता तांब्याचे लग, ज्यांना वायरमन थिंबल म्हणतात, ते क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून बसवले. प्रत्येक लग हाताने जोरात ओढून पाहिला. त्यावर तापवून घट्ट बसणारी स्लीव्ह चढवली. बॅटरीच्या टोकांवर पेट्रोलियम जेलीचा हात दिला, म्हणजे खारी हवा आत शिरत नाही.

६. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवले आणि वायरी लवचिक पाइपातून नेल्या. गाडी हादरते, उघड्या कडेवर घासून वायरीचे आवरण सहा महिन्यांत कापले जाते. वायरी वितीवितीवर क्लिपने बांधल्या आणि ओल साठते ती जागा टाळली.

७. जुन्या वायरीचा सडलेला तुकडा काढून तिथे नवी सलग वायर ओढली, गोल सॉकेट बदलले, त्याला ७.५ अँपिअरचा फ्यूज दिला आणि वर चिठ्ठी लावली : ‘फक्त मोबाइल’.

८. शेवटी भार टाकून तपासले. इंजिन बंद ठेवून नेब्युलायझर सलग पंधरा मिनिटे चालवला. बॅटरीवर १२.३, इन्व्हर्टरपाशी ११.९. मग बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून पाहिला. एकही गरम नव्हता.

जिथे हात घालू नये

वर लिहिलेले सर्व काम १२ व्होल्टच्या बाजूचे आहे. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे २३० व्होल्ट घरच्या विजेइतकेच घातक असतात. बॅटरीवर चालते म्हणून तो धक्का सौम्य नसतो. त्या बाजूचे सॉकेट, अर्थिंग आणि आरसीसीबी हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. इन्व्हर्टरचे आउटपुट घराच्या लाइनला कधीही जोडू नये. गाडी घराजवळ उभी करून बॅटरी चार्ज करायची असेल तर तीन तारांचीच एक्स्टेंशन वायर वापरावी. अर्थिंगची पिन तोडलेला प्लग लावू नये.

विजेवाचूनही उपाय हवा

सॉकेट दुरुस्त झाल्यावर डॉक्टरांनी एक साधी भर घातली. दम्याच्या पुष्कळशा झटक्यांत इन्हेलर आणि स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची ती नळी, नीट वापरली तर नेब्युलायझरइतकाच गुण येतो, आणि तिला वीज लागत नाही. आता डॉक्टरांच्या लेखी सूचनेसह दोन स्पेसर गाडीत कायम असतात. जीव वाचवणारे साधन एकाच तारेवर टांगून ठेवू नये, हा धडा मला सॉकेटापेक्षाही मोठा वाटतो.

जानेवारीत पुन्हा त्याच वाडीवर गेलो. आजी ओट्यावर ऊन घेत बसली होती. गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, “तुझी गाडी पण माझ्यासारखीच दमेकरी हाय रं.” मी म्हटले, “होती, आजी. तुमच्याच वाडीच्या डॉक्टरानं बरी केली.” तो मुलगा तिचा नातू लागतो हे मला तेव्हा कळले. आपल्या आजीला वेळेवर वाफ का मिळाली नाही, हे त्याने माझ्याच गाडीत, माझ्याच हातच्या जोडात शोधून काढले होते. त्या संध्याकाळी तो मला एका शब्दानेही बोलला नव्हता. नव्या टोकांवर लग दाबताना फक्त एवढे म्हणाला होता, “काका, ओढून बघा. सुटला तर आत्ताच सुटू दे.”

घरी आणि सभागृहात करून पाहा

हा भाग तरुण संघाने आणि महिला मंडळाने एकत्र बसून करावा.

१. घरातील प्रत्येक सॉकेट समोरून पाहा. कडा तपकिरी, वास किंवा चरचर असा आवाज असेल तर आतला जोड सैल आहे. ते सॉकेट वापरणे थांबवा, मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा.

२. तीन पिनांच्या सॉकेटात वरचे मोठे भोक अर्थिंगचे, समोरून पाहता उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे. तुमच्या घरी तसेच आहे का, हे वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या.

३. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर किती अँपिअर घेतो? भागाकार करा. उत्तर ८.७ येईल. मग तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर लावावा की १६ च्या मोठ्या?

४. सभागृहात संमेलनाच्या दिवशी एका एक्स्टेंशनवर किती वस्तू लागतात त्याची यादी करा. अर्ध्या तासाने प्लग बंद करून त्याला हात लावून पाहा. गरम लागला तर भार वाटून द्या.

५. ‘नंतर पक्का करू’ म्हणून आपण कुठे टेप गुंडाळून ठेवली आहे? त्या जागेची नोंद करा आणि तारीख ठरवा.

आपल्या देणग्यांतून गाडीसाठी वायर, फ्यूज, लग आणि स्पेसर घेता आले, याबद्दल मनापासून आभार. पुढील तिमाहीत दर पहिल्या शनिवारी गाडी सुटण्यापूर्वी सर्व जोडांची भार टाकून तपासणी होईल. तपासणी तो मुलगाच करणार आहे. मी वहीत आकडे लिहिणार आहे.